सलून आणि पार्लरसाठी परवाना हवा, तो स्वच्छतेचा आणि सुरक्षिततेचा

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

महाराष्ट्रात गाडी चालवायची तर परवाना लागतो, औषधाचे दुकान काढायचे तर नोंदणीकृत फार्मासिस्ट लागतो आणि खाद्यपदार्थांची हातगाडी लावणाऱ्यालाही २००६ च्या अन्नसुरक्षा व मानके कायद्याखाली नोंदणी करावी लागते. मात्र माणसाच्या गळ्यावर वस्तरा चालवण्यासाठी, डोळ्यांपासून बोटभर अंतरावर ब्लीच लावण्यासाठी किंवा टाळूवर तीव्र रसायने ओतून त्यावर तापलेली इस्त्री फिरवण्यासाठी आपल्याकडे कोणालाही कसलीही पात्रता सिद्ध करावी लागत नाही. मी बऱ्याच वर्षांपासून साताऱ्यात ब्यूटी पार्लर चालवते आणि मुलींना हे काम शिकवते. या व्यवसायावर माझे घर चालते आणि माझे त्यावर प्रेमही आहे. म्हणूनच केशकर्तन आणि सौंदर्यसेवा करणाऱ्या प्रत्येक व्यक्तीसाठी राज्य सरकारने स्वच्छता व सुरक्षिततेपुरता मर्यादित, स्वस्त आणि सक्तीचा परवाना आणावा, अशी मागणी मी आपल्या वृत्तपत्रातून करत आहे.

आज कायद्याची स्थिती काय आहे, हे आधी पाहू. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायदा, २०१७ नुसार मोजकेच कामगार असलेल्या छोट्या दुकानाला नोंदणीची गरज नाही. व्यवसाय सुरू केल्याची ऑनलाइन सूचना दिली की पुरते. आपल्या गावांतील आणि शहरांतील बहुतेक सलून व पार्लर दोन-तीन खुर्च्यांची असल्याने ती याच गटात येतात. मुंबईसारख्या शहरात महापालिकेचा परवाना लागतो, पण तो जागेचा असतो. खुर्चीमागे उभ्या असलेल्या माणसाला हत्यार निर्जंतुक कसे करायचे हे ठाऊक आहे की नाही, हा प्रश्न त्या कागदावर कोठेही विचारलेला नसतो. २०२० चे सौंदर्यप्रसाधन नियम बाटलीत काय असावे आणि तिच्यावर काय छापावे हे सांगतात. बाटली उघडल्यानंतर ती कोणाच्या हातात जाते, याच्याशी त्या नियमांचा संबंध उरत नाही. म्हणजे दुकान, जागा आणि बाटली या तिन्हींची दखल कायद्याने कमी-अधिक प्रमाणात घेतली आहे आणि ज्या हातावर सगळे अवलंबून आहे तो हात मोकळा सोडला आहे.

या मोकळ्या सोडलेल्या जागेत कोणते धोके आहेत, ते मी जरा सविस्तर लिहिते; कारण ग्राहकांना त्यांची कल्पना नसते आणि आमच्यापैकी अनेकांनाही ती कोणी दिलेली नसते. दाढीच्या वस्तऱ्याला आता बदलायची पत्ती असते, ही मोठी सुधारणा आहे. पण पत्ती बदलली तरी तिला धरणारा वस्तऱ्याचा चिमटा तोच राहतो, आणि त्याच्या फटीत साबणाचा फेस, केस आणि कधी रक्ताचा अंशही अडकलेला असतो. कापलेल्या जागेवर फिरवायचा तुरटीचा खडा दिवसभर एकच असतो. हेपेटायटिस ‘बी’ या यकृताच्या आजाराचा विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या रक्तातही, किमान सात दिवस जिवंत राहू शकतो आणि डोळ्यांना न दिसणारा थेंबही संसर्गाला पुरतो. एचआयव्हीची भीती सगळ्यांना माहीत आहे, परंतु सलूनमधील हत्यारांच्या बाबतीत खरी काळजी हेपेटायटिस ‘बी’ आणि ‘सी’ची करायला हवी. ‘बी’वर लस उपलब्ध आहे. ती घ्यावी असे किती कारागिरांना कोणी सांगितले असेल? स्वतःचे बोट कापले जाण्याचा धोका तर कारागिराला ग्राहकापेक्षा जास्त असतो.

ब्यूटी पार्लरचे चित्रही वेगळे नाही. आयब्रो करताना दोऱ्याचे एक टोक दातांत धरण्याची पद्धत सर्वत्र आहे. तोच दोरा तोंडातून ग्राहकाच्या पापणीपर्यंत जातो. दोरा गळ्याभोवती अडकवून काम करण्याची पद्धत सुरक्षित आहे आणि ती थोड्याच दिवसांच्या सरावाने जमते, पण शिकवणाऱ्यालाच ती माहीत नसेल तर शिकणारी कोठून उचलणार? वॅक्सिंगची चपटी काडी एकदा त्वचेवर फिरवून पुन्हा त्याच डब्यात बुडवली जाते आणि तो डबा दिवसभर कोमट राहतो. वॅक्स गरम असल्याने त्यातले जंतू मरतात असे अनेकजणी समजतात. ते खरे नाही, कारण त्वचेला सोसेल इतक्या उष्णतेने जंतू मरत नाहीत. फेशियलमध्ये ब्लॅकहेड काढण्याच्या सुईने रक्त येते, पेडिक्युअरमध्ये नखाची कड कापली जाते आणि ही हत्यारे पुढच्या ग्राहकासाठी फडक्याने पुसून ठेवली जातात.

येथे एका वस्तूविषयी मुद्दाम लिहिले पाहिजे. अनेक पार्लरांत आणि सलूनमध्ये निळा दिवा लावलेले छोटे कपाट असते आणि त्याला सगळे ‘स्टरिलायझर’ म्हणतात. ग्राहकाला ते पाहून दिलासा वाटतो. प्रत्यक्षात अतिनील किरण ज्या पृष्ठभागावर थेट पडतात तेवढ्याच भागावर परिणाम करतात. कात्रीच्या दोन पात्यांमधील जागा, कंगव्याच्या दातांची मुळे, एकावर एक ठेवलेली हत्यारे आणि वर चिकटलेल्या केसांखालचा भाग यांपर्यंत ते पोहोचत नाहीत. स्वच्छ केलेली हत्यारे धुळीपासून दूर ठेवायला असे कपाट ठीक आहे. अस्वच्छ हत्यार त्यात ठेवून ते निर्जंतुक होत नाही. खरी पद्धत साधी आहे. हत्यार आधी साबणाच्या पाण्यात ब्रशने घासून धुवायचे, मग योग्य प्रमाणात तयार केलेल्या जंतुनाशकात ठरलेला वेळ पूर्ण बुडवून ठेवायचे आणि रक्ताशी संबंध येणारी धातूची हत्यारे दाबाखालील वाफेत, १२१ अंश सेल्सिअसला, निदान पंधरा-वीस मिनिटे ठेवायची. इतके तापमान चांगल्या प्रेशर कुकरमध्येही मिळते, त्यामुळे छोट्या दुकानदाराला हे परवडत नाही असे म्हणण्यात अर्थ नाही. ज्ञान परवडण्याजोगे आहे, ते पोहोचवण्याची व्यवस्था मात्र नाही.

वापरलेल्या पत्त्यांचे काय होते, हाही प्रश्न आहे. जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ रुग्णालये, दवाखाने, प्रयोगशाळा अशा आरोग्यसेवा देणाऱ्या ठिकाणांना डोळ्यांसमोर ठेवून केले आहेत. सलूनचा उल्लेख त्यांत नाही. परिणामी रक्त लागलेल्या पत्त्या केसांबरोबर कागदात गुंडाळून घंटागाडीत जातात आणि त्या कचऱ्यात हात घालणाऱ्या सफाई कामगाराला त्या लागतात. जाड प्लॅस्टिकच्या डब्यात पत्त्या साठवून तो डबा वेगळा द्यायचा, एवढी सवय लावायला एक पैसाही लागत नाही.

मानेच्या मालिशीबद्दलही सांगितले पाहिजे. कटिंग झाल्यावर मान दोन्ही बाजूंना कडकन मोडण्याची प्रथा जुनी आहे आणि ग्राहक ती हक्काने मागून घेतात. अशा झटक्याने मानेतील रक्तवाहिनीचा आतला पदर फाटून पक्षाघात होऊ शकतो किंवा श्वासपटलाकडे जाणाऱ्या मज्जातंतूला इजा होऊ शकते आणि अशा रुग्णांच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. ज्या कारागिराने ही प्रथा वडिलांकडून घेतली त्याला दोष देऊन काही साधणार नाही. ‘हे करू नका’ असे त्याला कोणीतरी अधिकाराने आणि कारण समजावून सांगायला हवे.

जंतूंचा धोका समजावणे त्या मानाने सोपे आहे. रसायनांचा धोका अधिक अवघड आहे, कारण त्याचा परिणाम उशिरा दिसतो. काळ्या हेअर डायमध्ये पॅराफेनिलिनडायअमीन नावाचे द्रव्य असते. काहींना त्याची तीव्र ॲलर्जी होते, चेहरा सुजतो, डोळे मिटतात. म्हणूनच वापरापूर्वी ४८ तास आधी कानामागे किंवा कोपराच्या आत चाचणी घ्यावी, अशी सूचना पाकिटावरच छापलेली असते. चाचणीसाठी ग्राहकाला दोन दिवसांनी पुन्हा बोलावणारे पार्लर मला फार क्वचित भेटले आहे. केस सरळ करण्याच्या आणि केराटिनच्या अनेक द्रावणांमधून तापल्यावर फॉर्माल्डिहाइड बाहेर पडते. लेबलवर ‘फॉर्माल्डिहाइड-मुक्त’ लिहिलेले असतानाही असे घडते, कारण ते द्रव्य मिथिलिन ग्लायकॉलच्या रूपात असते आणि इस्त्रीच्या उष्णतेने मोकळे होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने फॉर्माल्डिहाइडला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवले आहे. त्याच संस्थेने केशकर्तनकाराच्या कामातील संपर्कालाच ‘बहुधा कर्करोगकारक’ ठरवले आहे. ग्राहक तीन-चार महिन्यांतून एकदा तासाभरासाठी येतो. बंद, वातानुकूलित खोलीत ती वाफ रोज श्वासात घेते ती तिथे काम करणारी मुलगी. परवान्याची चर्चा ग्राहकाच्या संरक्षणापुरती होते, तेव्हा या मुलीचा विसर पडतो.

अकोल्याचे उदाहरण वाचकांना आठवत असेल. तेथील एका कुटुंबातील महाविद्यालयीन तरुणी, तिची आई आणि बहीण अशा तिघींना मूत्रपिंडाचा विकार झाला. शोध घेता घेता डॉक्टर त्या वापरत असलेल्या, स्थानिक ब्यूटिशियनकडून घेतलेल्या गोरेपणाच्या क्रीमपर्यंत पोहोचले आणि मुंबईच्या केईएम रुग्णालयातील तपासणीत त्यात पारा आढळला. २०२० च्या नियमांनुसार डोळ्यांभोवतीची प्रसाधने वगळता इतरांत पाऱ्याचा अनवधानाने राहिलेला अंश दशलक्षात एक भागापेक्षा जास्त असता कामा नये. नियम होता, पण लेबल नसलेल्या डबीतील क्रीम विकू नये आणि लावू नये, एवढे प्राथमिक ज्ञान त्या साखळीत कोणाला देण्याची जबाबदारी कोणावरच नव्हती.

हे सगळे लहान दुकानात पाळणे शक्य आहे का, असा प्रश्न विचारला जाईल. त्याचे उत्तर आपल्या राज्याने २०२० मध्ये दिले आहे. टाळेबंदीत मार्चपासून बंद असलेली सलून व पार्लर २८ जून २०२० पासून उघडण्यास परवानगी मिळाली, तेव्हा सरकारने अटी घातल्या होत्या: प्रत्येक ग्राहकानंतर खुर्ची निर्जंतुक करायची, फरशी व सामायिक जागा दर दोन तासांनी स्वच्छ करायची, एकदाच वापरायचे टॉवेल किंवा नॅपकिन ठेवायचे, पुन्हा वापरायची हत्यारे प्रत्येक सेवेनंतर निर्जंतुक करायची, हातमोजे, ॲप्रन व मास्क वापरायचा आणि हे नियम ग्राहकांना दिसतील असे लावायचे. तीन महिने उत्पन्न बुडालेल्या, कर्जबाजारी झालेल्या कारागिरांनी हे नियम पाळले. खेड्यातल्या एका खुर्चीच्या दुकानातही ते पाळले गेलेले मी पाहिले आहेत. साथ ओसरली तसे ते आदेश संपले आणि सवयीही हळूहळू सुटल्या. करोनाचा विषाणू हवेतून पसरत होता, हेपेटायटिसचा रक्तातून पसरतो. वस्तऱ्याच्या दृष्टीने दुसरा अधिक जवळचा आहे आणि त्याच्यासाठी मात्र एकही आदेश नाही.

आता या मागणीला होणाऱ्या विरोधाकडे येते. नाभिक समाजातून होणारा विरोध मला सर्वांत गंभीर वाटतो आणि त्यामागे इतिहास आहे. बारा बलुतेदारांपैकी एक म्हणून या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या गावाची सेवा केली आणि मोबदला म्हणून सुगीला जे पदरात पडेल ते घेतले. १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतील नाभिकांनी विधवांचे केशवपन करणार नाही असा निर्धार केला. उपजीविकेला तोशीस लावून घेतलेली ती भूमिका महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात मानाची आहे. अशा समाजातील पन्नाशीच्या कारागिराला उद्या कोणी दहावीचे प्रमाणपत्र मागितले, इंग्रजीत लेखी परीक्षा घेतली आणि नापास झाल्यावर दुकानाला कुलूप लावले, तर तो अन्याय ठरेल. मोठ्या साखळी सलूनना आणि लाखभर रुपये फी घेणाऱ्या अकादम्यांना असा परवाना सोयीचाच वाटेल, कारण त्यातून त्यांची स्पर्धा कमी होईल. त्याखेरीज परवाना म्हणजे तपासनीस आणि तपासनीस म्हणजे हप्ता, हा अनुभव छोट्या दुकानदाराच्या गाठीशी असतोच. या शंका खऱ्या आहेत आणि परवान्याची रचना करतानाच त्यांचे निरसन व्हायला हवे.

परवाना चुकीच्या रीतीने आखला तर काय होते, हे अमेरिकेत पाहायला मिळते. तेथे मिनेसोटा राज्याने १८९७ मध्ये सर्वप्रथम नाभिकांसाठी परवान्याचा कायदा केला, तेव्हा वस्तऱ्यातून पसरणाऱ्या त्वचारोगांची चिंता हे त्याचे एक कारण होते. पुढे सर्व राज्यांनी तसे कायदे केले आणि हळूहळू मूळ उद्देशापेक्षा तासांची संख्या मोठी होत गेली. कित्येक राज्यांत सौंदर्यतज्ज्ञाला परवान्यासाठी १,५०० तासांचे, बहुधा स्वखर्चाने घेतलेले, शिक्षण सक्तीचे झाले. त्याच देशात रुग्णवाहिकेतील प्राथमिक तंत्रज्ञ दीडशे-दोनशे तासांत तयार होतो. टेक्सासमधला खटला तर आपल्या अगदी जवळचा आहे. आयब्रोचे थ्रेडिंग करणाऱ्या भारतीय वंशाच्या व्यावसायिकांना तेथे ७५० तासांच्या शिक्षणाची अट लावली गेली. त्यांपैकी सुमारे ३२० तासांचा थ्रेडिंगशी काही संबंध नाही, हे राज्याच्या बाजूनेही मान्य झाले. जून २०१५ मध्ये टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने ती अट थ्रेडिंगपुरती रद्द केली. त्यानंतर टेक्सासने सौंदर्यतज्ज्ञांचे १,५०० तास एक हजारावर आणले आणि कॅलिफोर्नियानेही २०२२ पासून नाभिक व सौंदर्यतज्ज्ञ दोघांसाठी एक हजार तासांची मर्यादा ठेवली. जर्मनीत आजही स्वतःचे केशकर्तनालय काढायचे तर साधारणपणे ‘माइस्टर’ ही उच्च परीक्षा द्यावी लागते. ती पद्धत तेथील कारागिरी-परंपरेत मुरलेली आहे; आपल्या दोन खुर्च्यांच्या दुकानावर ती लादणे निर्दयपणाचे होईल.

दुसऱ्या टोकाला ब्रिटन आहे. तेथे १९६४ च्या कायद्याने केशकर्तनकारांची नोंदणी सुरू झाली, पण ती ऐच्छिक ठेवली गेली. ऐच्छिक नोंदणी ज्यांना मुळातच नियम पाळायचे असतात तेच करतात, त्यामुळे तिच्यापासून संरक्षण मिळत नाही. बोटॉक्स आणि फिलर, म्हणजे सुरकुत्या घालवण्यासाठी चेहऱ्यात सुईने टोचायची द्रव्ये, यांच्या बाबतीत तर त्या देशाला अखेर २०२२ च्या आरोग्य कायद्यात परवाना पद्धतीची तरतूद करावी लागली.

म्हणून माझ्या डोळ्यांसमोर जो परवाना आहे, त्याच्या मर्यादा मी स्पष्ट लिहिते. केस चांगले कापता येतात का, मेकअप सुंदर होतो का, हे सरकारने तपासू नये. त्याचा निवाडा ग्राहक करतो, आणि एकदा बिघडलेला हेअरकट महिन्याभरात भरून येतो. हेपेटायटिस, भाजलेली टाळू किंवा निकामी झालेले मूत्रपिंड तसे भरून येत नाही आणि ग्राहकाला त्याचा अंदाज दुकानात शिरताना बांधता येत नाही. सरकारने तेवढेच तपासावे. त्यासाठी पंचवीस-तीस तासांचे प्रशिक्षण पुरेसे आहे, असे मी शिकवण्याच्या अनुभवावरून म्हणते: हत्यारांची स्वच्छता, रक्त आल्यावर काय करायचे, त्वचेचे कोणते आजार दिसल्यास सेवा नाकारून डॉक्टरकडे पाठवायचे, लेबल कसे वाचायचे, ॲलर्जीची चाचणी, रसायने एकत्र करताना घ्यायची काळजी, हवा खेळती ठेवणे, पत्त्यांची विल्हेवाट, स्वतःचे लसीकरण. परीक्षा तोंडी आणि प्रात्यक्षिक असावी. ती मराठीत आणि हिंदीतही असावी, कारण मुंबई-ठाणे-पुण्याच्या सलूनमध्ये उत्तर प्रदेश व बिहारमधून आलेले हजारो कारागीर काम करतात आणि त्यांना वगळून संसर्ग थांबणार नाही. शिक्षणाची किमान अट नसावी. जे आज या व्यवसायात आहेत त्यांना तीन वर्षांची मुदत द्यावी आणि पहिल्या प्रयत्नात न जमल्यास पुन्हा मोफत संधी द्यावी.

हा परवाना दुकानाच्या नावावर न देता व्यक्तीच्या नावावर द्यावा, ही बाब मला फार महत्त्वाची वाटते. आमच्या व्यवसायातील कारागीर टक्केवारीवर काम करतो, खुर्ची भाड्याने घेतो, वर्षा-दोन वर्षांनी दुकान बदलतो. खेड्यांतल्या कित्येक स्त्रिया घराच्या ओसरीत पार्लर चालवतात आणि शहरांत मुली ॲपवरून बोलावणे आले की पिशवी खांद्याला लावून घरोघरी जातात. या सगळ्यांना ‘दुकान’ नाही, पण हात आहेत. परवाना व्यक्तीचा असेल तर तो तिच्याबरोबर जाईल, मालकाशी पगारावरून बोलताना तिच्या हातात एक सरकारमान्य कागद असेल आणि मालकाने एकच टॉवेल दहा जणांना वापरायला सांगितला तर नकार देण्यासाठी तिला आधार मिळेल. आज ‘सात दिवसांत ब्यूटिशियन व्हा’ अशा जाहिराती करणारे क्लास हजारो रुपये घेऊन चकचकीत डिप्लोमा देतात. त्या कागदाला कोठेही किंमत नसते, हे मुलींना फी भरून झाल्यावर कळते. अशा फसगतीनंतर माझ्याकडे नव्याने शिकायला आलेल्या मुलींची निराशा मी जवळून पाहिली आहे.

पैसा आणि यंत्रणा कोठून आणायची, हा प्रश्न वाटतो तितका अवघड नाही. राज्यातील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत सौंदर्यशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम चालतो. तेथे शिकवणारे आहेत, प्रयोगशाळा आहेत. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील अठरा व्यवसायांत नाभिक व्यवसायाचा समावेश आहे. तिच्यात पाच ते सात दिवसांचे मूलभूत प्रशिक्षण, त्या काळात रोज ५०० रुपये भत्ता, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतची मदत आणि ५ टक्के व्याजाने कर्जाची सोय आहे. त्याच प्रशिक्षणात स्वच्छतेचा हा भाग सक्तीने आणि नीट शिकवला, अवजारांच्या संचात जंतुनाशकाचे भांडे व पत्त्यांचा डबा दिला आणि शेवटी परीक्षा घेऊन परवाना हाती ठेवला, तर नाभिक कारागिराची रोजंदारी बुडणार नाही आणि त्याला वेगळे खेटेही घालावे लागणार नाहीत. मात्र ही योजना पारंपरिक कारागिरांसाठी आहे. पार्लर चालवणाऱ्या स्त्रियांचा मोठा वर्ग तिच्यात बसत नाही. त्यांच्यासाठी राज्याच्या कौशल्य विकास विभागाने महिला बचत गटांमार्फत अशीच सोय केली पाहिजे.

तपासणीबाबत माझे मत असे की, अचानक येऊन दंडाची पावती फाडण्याचा अधिकार कोणा एकट्या अधिकाऱ्याला देऊ नये. परवान्यावर छायाचित्र आणि क्यूआर संकेत असावा, तो भिंतीवर लावणे बंधनकारक असावे आणि ग्राहकाला त्यावरून तक्रार नोंदवता यावी. तक्रार आल्यास पहिल्या वेळी लेखी समज आणि पुन्हा एक दिवसाचे प्रशिक्षण, त्यानंतरही तेच घडले तर निलंबन, असा क्रम ठेवता येईल. चौकशी समितीत आरोग्य विभागाच्या अधिकाऱ्याबरोबर व्यवसायातील एक अनुभवी व्यक्ती आणि एक महिला सदस्य असावी. गंभीर इजा झाली असेल तेथे मात्र समज देऊन भागणार नाही.

एका बाबतीत तडजोड नको. सुई, लेसर किंवा भूल यांचा ज्यात वापर होतो, ते काम पार्लरचे नाही. बोटॉक्स, फिलर, तीळ किंवा चामखीळ काढणे, तीव्र रासायनिक पील, केसांचे प्रत्यारोपण हे सर्व आज ‘स्किन स्टुडिओ’च्या पाट्यांखाली चालते. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये केस प्रत्यारोपणासारख्या सौंदर्यशस्त्रक्रियांबाबत सूचना काढून त्या प्रशिक्षित नोंदणीकृत डॉक्टरांनीच कराव्यात आणि यूट्यूबवर पाहून किंवा नुसती कार्यशाळा करून ही पात्रता येत नाही, असे स्पष्ट केले. पण आयोगाचा अधिकार डॉक्टरांवर चालतो. डॉक्टर नसलेल्या माणसाने सुई हातात घेतली तर त्याला जाब विचारण्यासाठी पार्लरच्या परवान्यातच तशी मनाई छापलेली हवी, म्हणजे तो मोडताच परवाना रद्द करता येईल. माझ्या व्यवसायातील काही भगिनींना हे आवडणार नाही, कारण या सेवांत पैसा आहे. तरीही भूल दिल्यावर रक्तदाब अचानक उतरला तर काय करायचे हे आपल्यापैकी एकीलाही ठाऊक नाही आणि तिथे ग्राहकाचा जीव जातो.

सार्वजनिक आरोग्य विभाग आणि कौशल्य विकास विभागाने एकत्र बसून या परवान्याचा मसुदा मराठीत प्रसिद्ध करावा. नाभिक समाजाच्या संघटना, पार्लर चालवणाऱ्या स्त्रिया, टक्केवारीवर काम करणारे कारागीर आणि त्वचारोगतज्ज्ञ यांना हरकती मांडण्यासाठी निदान दोन महिने द्यावेत, आणि सुनावण्या मंत्रालयात न घेता सोमवारी जिल्ह्याच्या ठिकाणी घ्याव्यात, कारण बहुतेक गावांत सलूनला त्या दिवशी सुट्टी असते आणि रोजगार न बुडवता कारागिराला तेथे येता येईल.

आपली विश्वासू,
एक ब्यूटी पार्लर चालक व प्रशिक्षिका,
सातारा